देवाच्या निमित्तानं

मागच्या अंकात आम्ही एक छोटंसं आवाहन छापलं होतं. तुम्ही केलेल्या प्रवासाबद्दल लिहा. कुठे गेलात, कोणाबरोबर गेलात, पैसे कुठून उभे केलेत, घरी काय सांगून निघालात. पत्रं भरपूर आली. काही गटांनी बैठकीत बसून एकत्र लिहिलं, लिहिता न येणाऱ्यांचं दुसरीनं लिहून घेतलं. वाचता वाचता एक गोष्ट ध्यानात आली. केरळ, काश्मीर, सिंगापूर फार थोड्या पत्रांत आहे. पंढरपूर, तुळजापूर, शेगाव, अक्कलकोट, अजमेर, वेलंकनी, मक्का, दीक्षाभूमी मात्र पानोपानी आहेत.

संपादक गटाच्या बैठकीत यावरून बराच वाद झाला. एका मैत्रिणीचं म्हणणं, हे सगळं असंच छापलं तर आपण व्रतवैकल्यांना खतपाणी घालतो असं दिसेल. दुसरी म्हणाली, बाई कोणाच्या पाया पडायला गेली याच्याशी आपल्याला काय करायचंय, ती उंबरा ओलांडून गेली की नाही ते बघा. मी या दुसरीच्या बाजूची आहे, पण तिच्याइतकी निश्चिंत नाही. का, ते पुढे येईलच. दर वर्षी ६ डिसेंबरला दादरला चैत्यभूमीवर जाणाऱ्या एका बाईंनी ठणकावून लिहिलंय, की आमच्या जाण्याला तीर्थयात्रा म्हणू नका, आम्ही मागायला जात नाही. त्यांचं पत्र त्यांच्याच शब्दांत छापतो आहोत. त्यांच्या पत्रातलाही अर्धा मजकूर मात्र रात्री कुठे आडवं झालो आणि शौचाला कुठे गेलो याचाच आहे.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं होतं, की बाजारात, दवाखान्यात आणि गावाबाहेर तुम्हाला एकटीनं जाऊ देतात का. तिन्ही ठिकाणी जाऊ देतात असं सांगणाऱ्या बायका देशभरात शंभरात ४२ निघाल्या. आपल्यापैकी जिनं जिनं गावात काम केलंय तिला या आकड्याचं आश्चर्य वाटणार नाही. बाईच्या प्रवासाला कारण लागतं. आजारपण, मयत, बाळंतपण, लग्न, आणि देव. यातली पहिली चार दुसऱ्याच्या गरजेची. पाचवं कारण तेवढं तिला स्वतःसाठी वापरता येतं, कारण त्याला सहसा कोणी नाही म्हणू शकत नाही. 'मला चार दिवस कुठेतरी जाऊन यायचंय' असं म्हणणाऱ्या बाईकडे घर संशयानं बघतं. 'नवस फेडायचा राहिलाय' म्हटलं की तेच घर एसटीचं वेळापत्रक बघायला लागतं. नवस हा बाईचा रजेचा अर्ज आहे, आणि तो कसा भरायचा हे आपल्या आयाआज्यांना चांगलं माहीत होतं.

१७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात एसटीचं तिकीट बायकांना अर्धं झालं. त्याच वर्षी ११ जूनपासून कर्नाटकानं राज्यातल्या बायकांना साध्या सरकारी बसचा प्रवास मोफत केला. तिथे धर्मस्थळासारख्या ठिकाणी बायकांची झुंबड उडाली. लगेच विनोद सुरू झाले. बायका देवदर्शनाला, नवरे चुलीपाशी. गर्दीचे फोटो, टोमणे, 'सरकारी पैशानं सहली' अशी कुरकुर. आपल्याकडेही तेच झालं. पुरुष आठवड्याच्या बाजाराला जाऊन पारावर चार तास बसून येतो, त्याला कोणी सहल म्हणत नाही. आमच्या गटातल्या, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या एक मावशी अर्ध्या तिकिटात तिघी मैत्रिणींबरोबर कोल्हापूरला गेल्या. अंबाबाई झाली, जोतिबा झाला, मग पन्हाळ्यावर गेल्या. तिथे काय बघितलं असं विचारलं, तर म्हणाल्या, 'बघायचं काय? बसलो नुसत्या दोन तास. कोणी पाणी मागत नव्हतं.' त्यांच्या पत्रातलं हे एकच वाक्य मी बैठकीत वाचून दाखवलं. त्यावर वाद थांबला नाही, पण जरा खालच्या आवाजात झाला.

आता वारीबद्दल थोडं सविस्तर, कारण या अंकातली सर्वांत जास्त पत्रं वारीची आहेत, आणि गेली तीन वर्षं आमच्या आरोग्य पथकाबरोबर मी स्वतः नीरा ते फलटण हा टप्पा चालते आहे. आळंदीहून ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघालेली ज्ञानेश्वरांची पालखी वाल्हे सोडून नीरेच्या स्नानानंतर लोणंदला येते, पुढे चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं, मग तरडगाव, मग फलटण. पाऊस आला तर चिखल, नाही आला तर फुफाटा. दिंडीत भिशी भरून चालणाऱ्या बायकांना तंबू आणि दोन वेळचं जेवण मिळतं. भिशी परवडत नाही त्या मोकळ्या चालतात, मिळेल तिथे जेवतात, देवळाच्या ओसरीवर नाहीतर ट्रकखाली झोपतात. विधवा, टाकलेल्या, मूल नसलेल्या, मुलांनी वाटणीत वाऱ्यावर सोडलेल्या अशा कितीतरी जणी या मोकळ्यांत असतात. त्यांना कोणी विचारत नाही की तू कोणाची. समोरचा पोलीस असो की पोरगं, हाक एकच, माउली. लोणंदला पायाला तेल लावून घेता घेता एक आजी म्हणाल्या, 'इथं कोणी कुणाची सून नाही बघ.' त्यानंतर फुगडीला उठल्या. वय सत्तरीच्या पुढचं असावं.

हे सगळं खरं आहे, आणि मला त्याचं मोल वाटतं. पण आमच्या पथकाच्या वहीत दुसरंही काही लिहिलेलं आहे. पायाच्या फोडांच्या खालोखाल बायकांची तक्रार लघवीच्या जळजळीची. पाणी किती पिता, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: पाणी प्यायलं की जावं लागतं. मुक्कामाच्या गावी गेल्या दहाएक वर्षांत फिरती शौचालयं उभी राहू लागली, ही मोठी सुधारणा. राज्य महिला आयोगानं २०२२ मध्ये 'आरोग्य वारी' सुरू करून सॅनिटरी नॅपकिनची आणि बाळाला पाजायला आडोशाची सोय केली, त्याचंही स्वागत. पण बाई मुक्कामात चालत नाही, दोन मुक्कामांच्या मध्ये चालते. तिथे शेतं असतात, आणि ज्येष्ठात शेत उघडं असतं. पुरुष रस्त्याकडे पाठ करून उभा राहतो. बाई पहाटे तीनला उठते, अंधारात जाऊन येते आणि दुपारपर्यंत घसा कोरडा ठेवते. मुक्कामावरच्या शौचालयांतही कुठे कडी नाही, कुठे पाणी नाही, कुठे दिवा नाही. नदीवर अंघोळीला बायका एकमेकींना लुगड्याचा आडोसा धरतात. त्या आडोशावरून मोबाईलचे कॅमेरे रोखलेले मी पाहिलेत. त्यातले काही हौशी, काही चांगले नावाजलेले. भक्तीचा फोटो म्हणून तो कुठेतरी बक्षीसही मिळवत असेल. ओल्या लुगड्यातल्या त्या बाईला कोणी विचारलेलं नसतं.

आणि गोळ्या. यावर बोलायला बायका सगळ्यात जास्त कचरतात. यात्रा ठरली की पाळी पुढे ढकलायची गोळी घ्यायची, हे आता इतकं सरावाचं झालंय की औषधाच्या दुकानात नावही सांगावं लागत नाही. 'देवाला जायचंय' एवढं म्हटलं की दुकानदार पाकीट पुढे करतो. डॉक्टरची चिठ्ठी नाही, रक्तदाब मोजलेला नाही, पूर्वी पायाच्या शिरेत गुठळी झाली होती का हे विचारलेलं नाही. ही गोळी संप्रेरकाची आहे. गुठळ्यांचा किंवा यकृताचा त्रास असलेल्या बाईला ती घातक ठरू शकते. साधीच्या बाबतीतही नंतर अंगावरून जास्त जाणं, मळमळणं, चक्कर येणं हे होतं आणि ते नेमकं चालण्याच्या दिवसांत होतं. तरडगावला चक्कर येऊन पडलेल्या एका तरुण मुलीच्या पिशवीत तीन पाकिटं निघाली. गावच्या जत्रेपासून वारीपर्यंत सलग तिनं घेतली होती. तिच्या दिंडीतल्या जुन्या बायका म्हणाल्या, वारीत विटाळ नसतो, कोणी सांगितलं हिला? पण दुसऱ्याच एका दिंडीत, पाळी आलेल्या बाईनं जेवणाच्या पंगतीत बसू नये म्हणून तिचं ताट तंबूबाहेर दिलेलंही मी पाहिलंय. चोखामेळ्याच्या घरच्या सोयराबाईनं सहाशे-सातशे वर्षांपूर्वी देहाच्या विटाळाचा प्रश्न सरळ देवापुढे टाकला. तिचं नाव घेऊन चालणाऱ्या वाटेवर ताट तंबूबाहेर जातं.

जातीचंही तसंच. इरावती कर्वे यांनी 'वाटचाल' या लेखात नोंदवलं आहे, की एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठा बायका दिवसभर बरोबर चालत, गात, आणि जेवायला वेगवेगळ्या बसत. त्या लेखाला आता ७५ वर्षं होऊन गेली. आज पंगती पुष्कळशा एक झाल्यात. पण तुळस कोणाच्या डोक्यावर, स्वयंपाकाच्या तंबूत कोण आणि भांड्यांवर कोण, हे ज्या मैत्रिणी वारीत जातात त्यांनी जरा नीट बघून आम्हाला लिहावं. वीणा जवळजवळ सगळीकडे पुरुषाच्याच गळ्यात असते, हे तर न बघताही सांगता येतं.

शिवाय वारीला कोण जाऊ शकतं? पत्रांतलं वय बघा. पंचेचाळिशीच्या आतली बाई क्वचित. सासू वारीला जाते, तेव्हा घरची गुरं, पोरं, पेरणी आणि सासऱ्याचं पथ्य सून सांभाळते. ज्येष्ठ-आषाढात शेतमजूर बाईला पेरणीचं, निंदणीचं काम असतं. अठरा-वीस दिवस चालायचं म्हणजे तेवढी मजुरी बुडवायची. एका सुनेनं लिहिलंय, 'आत्या म्हणतात, तुझी पाळी आली की तू जा. माझी पाळी येईल तेव्हा मला चालता येईल का?' सासूच्या मोकळ्या वीस दिवसांचे पैसे सून चुकते करते, हे सासूचं पत्र छापताना आम्ही विसरू शकत नाही. म्हणून मी त्या दुसऱ्या मैत्रिणीइतकी निश्चिंत नाही.

तीर्थक्षेत्रांचा आणखी एक इतिहास आहे, तो देवस्थानांच्या माहितीपुस्तिकेत सापडत नाही. बाईला तिथे नेऊन सोडता येत असे. केशवपन केलेल्या विधवा काशीला धाडल्या जात. पंढरपुरात १८७५ मध्ये प्रार्थना समाजानं अनाथ बालकाश्रम काढला, कारण दिवस गेलेल्या विधवांना यात्रेच्या नावाखाली इथे आणून बाळंत करून, मूल टाकून परत नेलं जात होतं. जोतिराव-सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं ते याच दुखण्यावर. म्हणजे देवाच्या निमित्तानं बाईला बाहेर पडता येत होतं, तसंच देवाच्या निमित्तानं तिला घराबाहेर काढताही येत होतं. कान्होपात्रा मंगळवेढ्याहून पंढरीला आली ती बादशहाच्या बोलावण्यातून सुटण्यासाठी, अशी कथा आहे. देवळातच तिनं देह ठेवला. बहिणाबाईला लहान वयात भाऊबंदकीपायी आईवडील आणि थोराड नवऱ्याबरोबर गाव सोडून तीर्थं हिंडावी लागली. त्या भटकंतीत तिला तुकोबांचा ध्यास लागला आणि त्यापायी नवऱ्याचा मारही तिनं खाल्ला. हे तिनं स्वतःच अभंगांत सांगून ठेवलंय. आणि पंडिता रमाबाई. वडील अनंतशास्त्री पुराणं सांगत कुटुंबाला घेऊन तीर्थोतीर्थी पायी हिंडले. १८७४ च्या सुमाराला दुष्काळात आईवडील गेले, पाठोपाठ बहीण गेली, आणि रमाबाई भावाबरोबर चालतच राहिल्या. १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचल्या. तीर्थांनी पोट भरत नाही, पुण्यही दिसत नाही, हे त्यांना चालूनच कळलं. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, तिथून अमेरिकेला, आणि १८८९ मध्ये अमेरिकेची लोकस्थिती मराठीत लिहून आपल्या हातात दिली. पायाला चालायची सवय तीर्थयात्रेनं लावली, कुठे जायचं ते त्यांनी ठरवलं.

आपल्या चळवळीनंही वाट सोडलेली नाही. १९८५ च्या स्त्रीमुक्ती यात्रेला 'यात्रा' हाच शब्द निवडला होता. पुढे देवळाच्या दाराशी लढाई झाली. सार्वजनिक पूजास्थानांत प्रवेशाचा हक्क देणारा राज्याचा कायदा १९५६ चा. अडवणाऱ्याला त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. तो बायकांनाही लागू होतो हे कोर्टाकडून वदवून घ्यायला २०१६ उजाडावं लागलं. विद्याताई बाळ आणि नीलिमा वर्तक यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं सरकारला त्याची आठवण दिली आणि त्या वर्षीच्या पाडव्याला शनिशिंगणापूरचा चौथरा बायकांना खुला झाला. त्याच वर्षी हाजी अलीच्या मजारीपर्यंत जाण्याचा हक्क तिथल्या बायकांच्या याचिकेमुळे परत मिळाला. शबरीमलाचा निकाल २०१८ मध्ये बायकांच्या बाजूनं लागला आणि २०१९ मध्ये मोठ्या पीठापुढे गेला. या लढायांची टिंगल करणारे विचारतात, तुम्ही देव मानत नाही, मग आत कशाला जायचंय? विद्याताई या प्रश्नाला कंटाळत नसत. मला मात्र कंटाळा येतो. सार्वजनिक जागेच्या दारावर 'बायकांना मनाई' अशी पाटी असेल तर आत मूर्ती आहे की ग्रंथालय, याचा संबंध येत नाही.

हजचं उदाहरण मला यापेक्षा जास्त बोलकं वाटतं, कारण तिथे प्रश्न गाभाऱ्याचा नसून प्रवासाचा होता. मेहरम, म्हणजे नवरा, बाप, भाऊ, मुलगा असा जवळचा पुरुष बरोबर असल्याशिवाय भारतातून बाईला हजला जाता येत नसे. विधवेनं, एकटीनं, फक्त मुली असलेल्या बाईनं काय करायचं? पैसे साठवून वाट बघत मरायचं. २०१८ पासून ४५ वर्षांवरच्या चौघींनी मिळून गट केला तर मेहरमशिवाय जायला परवानगी मिळाली. २०२३ मध्ये एकटीलाही अर्ज करता येऊ लागला आणि त्या वर्षी चार हजारांहून जास्त बायका अशा गेल्या. मिरजेच्या एका शिक्षिकेचं पत्र या अंकात आहे. चौथी बाई मिळेना म्हणून त्यांचं एक वर्ष गेलं. पुढच्या वर्षी चौथी मिळाली ती कधी न बघितलेली, दुसऱ्या जिल्ह्यातली. आता दोघी सख्ख्या बहिणींसारख्या आहेत. परत आल्यावर गल्लीत लोक 'हाजीसाहेब' कोण होते बरोबर, असं विचारत होते. त्या म्हणाल्या, आम्हीच.

परदेशाची दुसरी वारी मध्यमवर्गीय घरांत चालते. लेक किंवा सून अमेरिकेत बाळंत होणार, आई सहा महिन्यांच्या व्हिसावर जाते. शेजारपाजारी तिचं कौतुक, 'काय, अमेरिकेची वारी!' अशी तीन पत्रं आली. एकीनं लिहिलंय, नायगारा एक दिवस बघितला, बाकी १७० दिवस डिंकाचे लाडू, धुरी, दुपटी आणि खिडकीतून दिसणारा रस्ता. गाडी चालवता येत नाही, चालत जाण्यासारखं जवळ काही नाही, भाषा अडते. मी हे वाचलं तेव्हा नीरेच्या काठच्या त्या मोकळ्या बायका आठवल्या. त्यांच्याजवळ पासपोर्ट नाही, पण निदान पाय मोकळे असतात. लेकीला मदत करू नये असं नाही. मात्र त्याला प्रवास म्हणायचं असेल तर आईच्या हातात एखादा नकाशा, थोडे पैसे आणि आठवड्याचा एक दिवस द्यायला हवा. परदेशातल्या आपल्या मुली हे वाचत असतील तर त्यांनी मनावर घ्यावं.

आता कामाचं. या अंकाच्या निमित्तानं आपल्या गटांपुढे काही ठोस मागण्या मांडते, त्यात भर घाला. वारीच्या वाटेवर मुक्कामांच्या मधल्या टप्प्यांतही शौचालयं हवीत, पाणी, कडी आणि दिव्यासकट. स्नानाच्या ठिकाणी बायकांसाठी बंदिस्त जागा आणि तिथे कॅमेऱ्याला मज्जाव हवा. आरोग्य पथकात निदान एक स्त्री डॉक्टर हवी, आणि पाळीच्या गोळ्यांबद्दल दिंडीप्रमुखांच्या बैठकीत उघड बोललं गेलं पाहिजे. त्यासाठी आम्ही एक साधं पत्रक तयार करतो आहोत. एसटी स्थानकांवर पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून पैसे, हा प्रकार बंद व्हावा. मुंबईत 'राइट टू पी'च्या कार्यकर्त्यांनी २०११ पासून हा प्रश्न लावून धरलाय, त्यांचा अनुभव आपल्या कामी येईल. आणि सुनांसाठी: ज्या गावांत आपले बचत गट आहेत, तिथे वारीच्या काळात घरं, पोरं आणि गुरं आळीपाळीनं सांभाळायची व्यवस्था करता येईल का, याचा विचार करा. दोन गटांनी यंदा करून बघायचं ठरवलंय. एका गटात सासवांनीच विरोध केला, तेही लिहून पाठवा म्हटलंय.

मधल्या पानावर एक तक्ता दिला आहे. लोणंद, तरडगाव आणि फलटणच्या गटांनी पालखी यायच्या आधी आठ दिवस आणि पालखी गावात असताना, असा दोनदा तो भरायचा आहे. इतर गटांनी आपापल्या गावच्या जत्रेचा, उरुसाचा, माउंटचा भरावा. शौचालय आहे पण कुलूप लावलेलं आहे, असं असेल तर ते 'नाही' या रकान्यात लिहावं.